वारसाहक्काने मिळालेला संघ

मुलाचे गोत्र आणि कुलदैवत जसे त्याला विचारून ठरत नाही, तसाच कलकत्त्यातील जुन्या बंगाली घरांत त्याचा फुटबॉल संघही त्याला विचारून ठरत नसे. घराणे मूळचे पश्चिम बंगालचे, म्हणजे 'घोटी' असेल, तर मोहन बागान. पद्मेपलीकडून आलेले, म्हणजे 'बांगाल' असेल, तर ईस्ट बंगाल. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर गेलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. तेथेही पेठ ठरली की संघ ठरतो. फरक एवढाच की कोल्हापूरच्या प्रेक्षकाला सामना संपल्यावर आपल्या पेठेत चालत परत जाता येते. कलकत्त्याच्या अर्ध्या प्रेक्षकांची पेठ 1947 नंतर परदेशात गेली. या खेळाचा तेथील इतिहास वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

या इतिहासाचा आरंभ सर्वसाधारणपणे 29 जुलै 1911 पासून सांगतात. त्या दिवशी मोहन बागानने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. मैदानात शिरता न आलेल्या हजारो लोकांना पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती. वंगभंगाने दुखावलेल्या बंगालला हा विजय केवळ खेळातला वाटला नाही, हे पुष्कळ वेळा लिहिले गेले आहे. त्या मानाने कमी लिहिली गेलेली गोष्ट अशी की त्या अकरांपैकी अनेकांची मूळ घरे पूर्व बंगालात होती. म्हणजे ज्या संघाला पुढे 'घोटी' लोकांची मिरास मानले गेले, त्याचे सर्वांत मोठे यश 'बांगाल' पायांनीही मिळवलेले होते. 1911 मध्ये ही विभागणी कोणाला सुचलीही नसावी. तेव्हा समोर गोरे होते.

ईस्ट बंगालचा जन्म मानापमानातून झाला. जुलै 1920 मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. पूर्वेकडचा म्हणून त्याला डावलले, या समजुतीने क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि 1 ऑगस्ट रोजी नवा क्लब निघाला. नाव ठेवले तेच मुळी प्रांताचे. शहरात शिकायला, नोकरीला आलेल्या, उच्चारावरून हसल्या जाणाऱ्या माणसांना हक्काची एक जागा मिळाली. फाळणीला अजून सत्तावीस वर्षे होती.

मग फाळणी झाली, आणि क्लबच्या नावाचा अर्थच बदलला. नकाशावरचा 'पूर्व बंगाल' आता पाकिस्तानात होता. लाल-सोनेरी सदऱ्यांतला 'ईस्ट बंगाल' मात्र दर मोसमात मैदानावर उतरत होता. जादवपूर, बिजयगड भागातील निर्वासितांच्या वसाहतींत राहणाऱ्या, सियालदा स्थानकाच्या फलाटावर महिने काढलेल्या लोकांनी त्याला उराशी धरले यात नवल नाही. घर, शेत, तळे, गावचा दुर्गोत्सव, सगळे मागे राहिले होते. नाव तेवढे सोबत आले होते. आणि यातली खरी मौज, किंवा खरा विरोधाभास, असा की त्या काळात या निर्वासितांची मान उंचावणारी पाच जणांची आघाडीची फळी, जिला 'पंचपांडव' म्हणत, ती बंगालीच नव्हती. अप्पाराव, वेंकटेश, धनराज, अहमद खान आणि सालेह हे सारे दक्षिणेकडचे. मैमनसिंग किंवा बारिसालच्या माणसाला त्यात काहीही विसंगत वाटले नाही. संघ कोणाचा, हे मैदानावरचे अकराजण ठरवत नव्हते, तर तो घरी कोणाच्या तोंडी आहे यावर ते ठरत होते.

म्हणूनच या निष्ठेचा इतिहास मैदानाइतकाच स्वयंपाकघरात शोधावा लागतो. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, हा संकेत पाळताना विजयी पक्षाच्या माशाचा भाव बाजारात चढत असे. आकाशवाणीवरून अजय बसू प्रभृतींचे बंगालीतील धावते वर्णन सुरू झाल्यावर, मैदानाच्या लाकडी गॅलरीत ज्यांना कधी जाता आले नसते अशा घरातल्या स्त्रियाही सामन्याच्या कक्षेत आल्या. घोटी-बांगाल लग्ने होऊ लागली तेव्हा सासर आणि माहेर यांच्यामध्ये पाककृती, उच्चार आणि फुटबॉल संघ असे तीन तंटे एकदमच आले. (जाता जाता : नद्यांचा प्रदेश पूर्वेचा, पण बोधचिन्हात शिडाची होडी मोहन बागानच्या, ईस्ट बंगालने मशाल घेतली. चिन्हांचे असेच असते.) ज्यांना तिकीट मिळत नसे ते मित्रांसह फोर्ट विल्यमच्या बाजूच्या उंचवट्यावर उभे राहून दुरून जेवढे दिसेल तेवढे पाहत आणि उरलेले खालच्या आरोळ्यांवरून ताडत.

मात्र 'दोन क्लब, दोन बंगाल' ही कथा सांगण्याची सवय इतकी पक्की झाली आहे की तिच्यातून तिसरा क्लब गळून पडतो. हे गळणे निष्पाप नाही, असे आमचे मत आहे. कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ मोहन बागान नव्हे, ईस्ट बंगालही नव्हे, तर मोहमेडन स्पोर्टिंग. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे त्याने लीग जिंकली. 1936 साली शील्डही, आणि 1940 मध्ये ड्युरँड व मुंबईचा रोव्हर्स हे दोन्ही चषक. 1911 च्या एका दुपारइतकेच हे यश मोठे आहे. परंतु पुढे धर्माच्या राजकारणाने हवा बिघडली, फाळणीनंतर त्या क्लबचा प्रेक्षकवर्ग विखुरला, आणि बंगाली भद्रलोकांच्या आठवणीत त्याला बाजूची खुर्ची मिळाली. घर गमावलेल्यांचा संघ म्हणून ईस्ट बंगालबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटतो. ज्यांचे शेजारी एका रात्रीत परके झाले त्या मोहमेडनच्या प्रेक्षकाबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

निष्ठेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 1970 ते 1975 अशी सहा वर्षे लीग ईस्ट बंगालकडे होती. 30 सप्टेंबर 1975 रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला 5-0 असे हरवले. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. आणि 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा लीग सामना चालू असता, दोन खेळाडूंना बाहेर काढल्यानंतर, गॅलरीत एकत्र बसलेल्या दोन्ही पक्षांत मारामारी जुंपली. चेंगराचेंगरीत सोळाजण दगावले. सामना 0-0 असा सुटला होता. त्यांच्या स्मरणार्थ पुढे दरवर्षी रक्तदान होऊ लागले. गॅलरीत शेजारी बसलेली ही माणसे एरवी एकाच ट्रामने कामाला जाणारी होती.

त्यानंतरची पिढी विस्थापनाची नव्हे. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक लोक आले आणि बाइचुंग भुतियाच्या तीन गोलांनी ईस्ट बंगाल 4-1 असा जिंकला, तेव्हा त्या गर्दीतील बहुतेकांनी पद्मा नदी पाहिलेलीही नव्हती. पुढे दोन्ही क्लबांत एकाच मद्य-उद्योगाचा पैसा आला, आणि वैर पूर्वीसारखेच चालू राहिले. 2020 मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या नव्या व्यावसायिक संघात मिळवला गेला, तेव्हा चाहत्यांचा राग त्या तीन अक्षरांवर होता. 2023 साली ती नावातून गेली, तेव्हा वंशावळीतली चूक दुरुस्त व्हावी तसा आनंद झाला.

ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. शहर रस्त्यावर होते. 18 ऑगस्टला ठरलेला ड्युरँड चषकातील ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे चाहते तरीही सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, आपापले झेंडे घेऊन, पण एकाच घोषणेसाठी. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यांच्यात काळ्या-पांढऱ्या रंगातले मोहमेडनचे लोकही होते.