संथ इंटरनेटवर मोठ्या फाइली : दुरून डाउनलोड करण्याची पद्धत

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी इतिहासाला परके नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे मुक्तांबाळ यांच्या नावाने छत्र, म्हणजे धर्मशाळा उभारली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या राजवटीतील मराठी ग्रंथ आणि मोडी कागदपत्रे जपलेली आहेत.

जुने मराठी ग्रंथ आता पानांच्या छायाप्रतींच्या रूपाने इंटरनेटवर मिळू लागले आहेत. मात्र अशी एक फाइल शेकडो मेगाबाइटची असू शकते. घरचे इंटरनेट संथ असेल तर ग्रंथ उपलब्ध असूनही वाचकाच्या हाती पडत नाही. अशा वेळी डाउनलोडचे काम दुरून हाताळण्याची पद्धत उपयोगी ठरते.

वेगाचे गणित

भारतात ब्रॉडबँडचा किमान वेग २००४च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ठरविला. तो २०१३मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ७०० मेगाबाइटची फाइल उतरण्यास २५६ किलोबिटवर सुमारे सहा तास, तर २ मेगाबिटवर सुमारे ४७ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात वेग कमी-जास्त होत असल्याने वेळ याहून अधिक लागतो.

घरच्या संगणकाला दुरून आज्ञा

पहिल्या पद्धतीत घरचा संगणक चालू ठेवला जातो आणि कार्यालयातून किंवा मोबाइलवरून त्याला आज्ञा दिली जाते. आज्ञा काही किलोबाइटचीच असल्याने संथ जोडणीही तिला पुरते. ट्रान्समिशन, क्यूबिटटॉरंट आणि एरिया२ या मोफत प्रोग्रॅममध्ये अशी सोय आहे. दिवसा वेगावर मर्यादा घालून रात्री पूर्ण वेग देता येतो. त्यामुळे घरातील इतरांच्या कामात अडथळा येत नाही.

परक्या सर्व्हरवर मुक्काम

दुसऱ्या पद्धतीत वेगवान जोडणी असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर फाइल आधी उतरवली जाते आणि तेथून सवडीने घरी आणली जाते. वाटेत छत्रात मुक्काम करणाऱ्या यात्रेकरूसारखाच हा प्रकार आहे. तथापि, यामुळे घरच्या जोडणीचा वेग वाढत नाही. मूळ संकेतस्थळ वारंवार तुटत असेल, किंवा सर्व्हरवरच हवी तेवढी पाने वेगळी काढून फाइल लहान करता येत असेल, तरच या पद्धतीचा खरा लाभ होतो.

तुटले तेथून पुढे

वीज गेली किंवा जोडणी तुटली तरी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे. फाइलचा उरलेला भागच मागविण्याची तरतूद १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत आहे. डब्ल्यूगेट आणि आरसिंक हे प्रोग्रॅम अर्धवट फाइल पुढे चालू ठेवू शकतात. टॉरंट पद्धतीत प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जातो. इंटरनेट आर्काइव्हने २०१२पासून आपल्या संग्रहासाठी ही सोय दिली आहे.

दक्षता

दुरून आज्ञा घेणारा संगणक इंटरनेटवर थेट उघडा ठेवणे धोक्याचे असते. त्यासाठी एसएसएच किंवा व्हीपीएन या सुरक्षित मार्गांचा वापर करावा आणि प्रोग्रॅमचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. अशा घरी बाहेरून थेट प्रवेश मिळत नाही. तेथे व्हीपीएन हाच सोयीचा मार्ग ठरतो.

योजनेतील डेटा मर्यादा आधी पाहावी, तसेच वितरणाचा हक्क असलेल्या फाइलीच उतरवाव्यात. संकेतस्थळाने फाइलची पडताळणी-संख्या दिली असल्यास ती शेवटी जुळवून पाहावी. तसे केल्यास रात्रभर उतरलेली फाइल शाबूत आहे की नाही, हे सकाळीच कळते.