वाचणारं तोंड कुणाचं?

२६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन सक्तीचं झालं. झालं ते बरंच झालं. पण असलं वाचन सरकारनं शिकवलं असं कुणी म्हणालं, तर त्याला महाड सांगा. २५ डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा ठराव म्हणून मंजूर झाला, हे आपणच विसरतो. बाबासाहेबांनी तिथं १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. ज्या कानांना वेद वर्ज्य, त्या कानांवर व्हर्सायची गोष्ट!

आपलं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या मुलखात. इथं संविधान आलं तेही फर्मानातून, २३ नोव्हेंबर १९४९ च्या. 'आम्ही भारताचे लोक' यावर राजाची मोहोर, बघा गंमत! ते शब्द आपल्या तोंडात आले पुढं, १९५० साली बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी, वाड्यावस्त्यांवरची पोरं शिकायला लागली तेव्हा.

मी सूतगिरणीतला. रात्रपाळी सुटली की शाळेच्या भिंतीआडून उद्देशिका ऐकू येते. पोरं पाढ्यासारखी एका दमात म्हणतात. 'समानता' आली काय नि गेली काय. महाडला ठरावावर माणसं उभी राहून बोलली होती. आपल्या वस्तीतल्या वाचनात एकेका शब्दावर थांबा. पाणवठ्याचं, मजुरीचं, खोली भाड्यानं मिळण्याचं तिथंच विचारा.