होळीपर्यंतच्या तारखा

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच आठवड्यांत गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या वडशाला, वेगळीच गर्दी उसळलेली असते. रस्त्याच्या कडेला नाटक कंपन्यांची लहान लहान कार्यालये, दारावर नटनट्यांचे मोठे रंगीत फलक, आत टेबलावर एक रोजनिशी. आसपासच्या गावांतून आलेली चार-पाच जणांची मंडळी एका कार्यालयातून निघून दुसऱ्यात शिरत असतात. नाटक कोणते, नायिका कुठली, लावणीला कोण येणार, ही चौकशी होते, पण नंतर. पहिला प्रश्न तारखेचा असतो. तारीख मोकळी असेल तरच पुढचे बोलणे. इसार दिला की रोजनिशीच्या त्या पानावर गावाचे नाव चढते. भाऊबीजेपासून होळीपर्यंतची पाने अशी भरत जातात.

झाडीपट्टी रंगभूमीवर आजवर जे लिहिले गेले त्यात नाटक आहे, नट आहेत, झाडीबोली आहे, उलाढालीचे आकडे आहेत. इसार द्यायला आलेल्या त्या चार-पाच जणांकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिलेले नाही. ते गावातल्या मंडळाचे लोक असतात. माझ्या मते या रंगभूमीचा इतिहास कंपन्यांच्या फलकांवर अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा या मंडळांच्या तारखांमध्ये आहे.

मंडळ म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायचे तर क्लबची उपमा चालेल. नागपूर-मुंबईच्या जिमखान्यांत सभासदांची यादी असते, वर्गणी असते, अध्यक्ष आणि चिटणीस असतात, आणि हंगामाच्या आधी कार्यक्रमांचे पत्रक निघते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली किंवा आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी या वैनगंगेच्या पट्ट्यातल्या गावात हे सगळे आहे. नाही ती फक्त इमारत. सभासद होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. घरातला एक कर्ता पुरुष मंडळात धरलेलाच असतो. वर्गणी पूर्वी पायलीने मोजून धानात घेतली जाई, आता ती रोख असते. पण क्लबचा दुसरा गुणही इथे होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्या गोठ्यात चांगली बैलजोडी त्याचा शब्द जड, ज्याच्याकडे नुसती मजुरी त्याने खुंट्या ठोकायच्या आणि कनाती बांधायच्या. आणि बाया? त्या निम्म्याहून अधिक प्रेक्षक असत, रात्रभर बसून नाटक पाहत, पण बैठकीला त्यांना बोलावण्याची रीत नव्हती.

मंडळाचे पत्रक म्हणजे हँडबिल. मी अशी हँडबिले बरीच वर्षे गोळा करतो आहे. गुलाबी, पिवळा, हिरवा, असा मिळेल तो स्वस्त कागद, आणि त्यावर ठरलेली उतरंड. सर्वांत वर निमित्त: ‘शंकरपटाच्या शुभपर्वावर’ किंवा ‘मंडईनिमित्त’. त्याखाली मंडळाचे नाव. मग नाटकाचे नाव ठसठशीत अक्षरात, लेखक, दिग्दर्शक, कलावंतांचे फोटो, तिकिटांचे दर. वाचणाऱ्याचा डोळा नाटकाच्या नावाकडे जातो, कारण ते सगळ्यांत मोठे. पण इतिहासाच्या दृष्टीने कामाची आहे ती पहिली बारीक ओळ. नाटक कशाच्या तरी निमित्ताने होते. निमित्त नसले तर झाडीपट्टीत नाटक होत नाही. पुण्यात शनिवार आला म्हणून प्रयोग लागतो. इथे शनिवार पुरेसा नाही.

या निमित्तांच्या मुळाशी धान आहे. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते, मग भारी. कापलेले धान पुंजण्यांत रचले जाते, सवडीने चुरले जाते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. गोवाऱ्यांची ढाल निघते, दंडार होते, खडी गंमत उभी राहते. मंचावरचे नाटक येण्याआधी दंडार आणि खडी गंमत हीच इथली रात्र होती: टिपऱ्या, ढोलकी, तुणतुणे, शाहीर आणि लुगडे नेसलेला नाच्या. पडदे, प्रवेश आणि गद्य संवाद असलेले नाटक नंतर आले. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले ते १८४३ साली. ते वळण वैनगंगेपर्यंत पोचायला दोन-तीन पिढ्या गेल्या असाव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाइन झाली आणि वडसा त्या लाइनवर आले. पुढे १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेले रेल्वे स्थानक हे एवढेच. नाटकाच्या कंपन्या जिल्ह्याच्या ठिकाणी न जमता वडशालाच का जमल्या, याचे उत्तर मला या रुळांत दिसते. नागपूर-गोंदियाचे कलावंत, पडदे, पेट्या इथेच उतरणे सोपे होते.

धान घरात आले की बांध्या मोकळ्या होतात. कापणी झालेली बांधी म्हणजे आयते नाट्यगृह: सपाट जमीन, चारी बाजूंना धुरे, मंच एका टोकाला, पुढे ऑर्गन-तबलेवाले, आणि धुऱ्याला लागून कनात. दिवसा तिथून जवळच शंकरपट. दोन बैलांची जोडी, मागे हलक्या छकड्यावर धुरकरी, समोर आखलेली दान, आणि काही सेकंदांचा खेळ. पट पाहायला पंचक्रोशीतले पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळवणारे हमखास येतात. रात्री या सगळ्यांनी झोपायचे कुठे? एका घरात वीस-पंचवीस माणसे, अंथरुणे पाच. नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते, त्याची नाट्यशास्त्रीय कारणे शोधणाऱ्यांनी हे साधे कारण आधी विचारात घ्यावे. शेजारच्या गावाहून बंडीने किंवा पायी आलेल्या माणसाला मध्यरात्री जंगलातून परत पाठवता येत नव्हते. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघांची आजची संख्या पाहिली तर अजूनही पाठवता येत नाही. म्हणून गाणी वाढली, विनोदी प्रवेश वाढले, मध्ये लावणी आली. पाचला फटफटू लागेपर्यंत कथानक ताणावे लागे, आणि लेखक ते ताणायला शिकले.

तारखांचा हिशेब करताना मला एका गोष्टीने चकित केले. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर सुमारे ८०० नाटके आणि ५,००० प्रयोग सांगितले जातात. भाऊबीज ते होळी हे अंतर सुमारे १३० रात्रींचे. म्हणजे एकही रात्र न चुकवता खेळले तरी ५,००० प्रयोगांना ३८ हंगाम लागतात. हे एका माणसाच्या अंगमेहनतीचे मोजमाप झालेच. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की ५,००० वेळा कुठल्या ना कुठल्या मंडळाने तारीख धरली, इसार दिला, कनात उभारली, आणि सकाळी गल्ला मोजला. त्यांच्यासाठी कुठला पुरस्कार नाही, आणि त्यांनी तो मागितलेलाही नाही.

हंगामाचा उत्तरार्ध, म्हणजे माघ-फाल्गुन, हा या रोजनिशीतला सर्वांत अवघड भाग. वसंत पंचमीला चिमूरला श्रीहरी बालाजीची घोडायात्रा सुरू होते ती महाशिवरात्रीपर्यंत चालते. माघ शुद्ध त्रयोदशीला रात्री घोड्याची मिरवणूक निघते. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची यात्रा. पुढे चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा, पण तिला येणारे मुख्यतः नांदेड-परभणीकडचे भाविक, आणि तोवर नाटकवाले पांगलेले असतात. आपल्या गावाचा पट या यात्रांच्या दिवशी पडू नये, शेजारच्या गावाच्या पटावरही पडू नये, आणि तरी सोयऱ्यांना सवड असावी, अशी तारीख काढणे हे पंचांग पाहण्यापेक्षा कठीण. जुनी मंडळे म्हणून वर्षानुवर्षे एकच तिथी धरून ठेवत. अमक्या गावाचा पट पौष पौर्णिमेनंतरचा, तमक्याचा वसंत पंचमीचा, हे पंचक्रोशीला पाठ असे. तिथी ही गावाची मिळकत होती. ती दुसऱ्या गावाने घेतली तर भांडणे होत.

आणि होळीलाच का थांबायचे? उकाडा वाढतो हे एक उत्तर. मला दुसरे जास्त पटते. होळीच्या आगेमागे मोह गळू लागतो. मोहफुले पहाटे वेचावी लागतात. उशीर झाला की गुरेढोरे आणि हरणे पुढे असतात, अस्वलही. ज्या बाईला पहाटे टोपली घेऊन जंगलात जायचे आहे ती रात्रभर नाटकाला बसू शकत नाही. मोहानंतर तेंदूपाने येतात, ती संपेपर्यंत पाऊस तोंडावर. नाटक मंडळाचे, पण त्याचा शेवटचा पडदा जंगल पाडते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा हा सगळा डोलारा पहिल्यांदा तपासला गेला. बैलांना होणाऱ्या यातनांचा मुद्दा खोटा नव्हता. टोचणी आणि शेपटी पिरगाळणे मी लहानपणी पाहिले आहे. पण हँडबिलावरची पहिली ओळच गेली होती. पट नाही तर पाहुणे का येतील, पाहुणे नाहीत तर तिकीट कोण काढेल, अशी धास्ती होती. त्या वर्षांची हँडबिले पुढ्यात घेतली की मंडळांची हिकमत दिसते. कुठे कबड्डीचे सामने आले, कुठे देवस्थानाचा वर्धापन दिन, कुठे नुसती मंडई माघापर्यंत लांबवलेली. तिथी मात्र बहुतेकांनी तीच ठेवली. लेकी-जावयांना ती ठाऊक होती, आणि ते आले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्राला अटींसह शर्यतीची परवानगी दिली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि ‘शुभपर्व’ पुन्हा जागेवर आले. मधल्या काळात एवढे कळून चुकले की बैल हे निमित्ताचे निमित्त होते.

साथीचा फटका निराळा होता. २०२० ची होळी ९ मार्चला होती, म्हणजे त्या वर्षीचा हंगाम टाळेबंदीच्या पंधरवडाभर आधी नेहमीप्रमाणे आटोपला. त्या वर्षीच्या दिवाळीत मात्र वडशाच्या रोजनिशा कोऱ्या राहिल्या. पटावरची बंदी असताना निमित्त शोधता येत होते. माणसांनी एकत्र बसण्यावरच बंदी आली तेव्हा शोधण्यासारखे काही उरले नाही.

जुन्या सभासदांशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वी मंडळातली पोरेच नाटक करत, आता नाटक विकत आणतात. ही तक्रार खरी आहे. पावसाळ्यात पुस्तक ठरायचे, दिवाळीच्या आधी तालमी सुरू व्हायच्या, गावातलाच शिक्षक दिग्दर्शक, स्त्रीपार्ट करणारा पोरगा ठरलेला. नवरगावच्या श्री व्यंकटेश नाट्य मंडळासारख्या मंडळांनी गावकऱ्यांनीच रंग लावायची ही परंपरा नेटाने चालवली. पण बहुतेक गावांत कंपनीची बोली, ठरलेली रक्कम, नफा-तोटा मंडळाचा, हीच रीत झाली. याला मी ऱ्हास म्हणायला तयार नाही. रंग लावणारा सभासद गेला, जोखीम घेणारा राहिला. माघात अवकाळी पाऊस आला आणि बांधीत पाणी साचले तर कंपनीचे पैसे बहुधा द्यावेच लागतात, आणि तो खड्डा वर्गणीतून भरायचा असतो. नफा झाला तर मंदिराचा सभामंडप किंवा शाळेची भिंत. सरकारी अनुदानाशिवाय सव्वाशे रात्री रंगभूमी चालवण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो पेलणारी माणसे चार-पाच एकर धानाची आहेत.

मला काळजी आहे ती वेगळीच. धानाचा पैसा पुरत नाही म्हणून संक्रांतीनंतर या दोन्ही जिल्ह्यांतली माणसे, त्यात बाया मोठ्या संख्येने, मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाडी भरून जातात आणि होळीच्या सुमारास, कधी त्यानंतर, परततात. म्हणजे ज्या दिवसांत गावाने लेकींना माहेरी बोलवायचे त्याच दिवसांत आया घरी नसतात. गेल्या दोन-तीन हंगामांत मला भेटलेल्या काही मंडळांनी वसंत पंचमीची जुनी तिथी सोडून पट पौषात आणला आहे. एका चिटणिसाने वही उघडून कारण दाखवले: आदल्या वर्षी माघातल्या प्रयोगाला मागच्या, जमिनीवरच्या तिकिटांचा खप निम्म्यावर आला होता, पुढच्या खुर्च्या मात्र भरल्या होत्या. जमिनीवर बसणारे मिरचीला गेले होते.

यंदाही भाऊबीजेच्या आधी तो वडशाला जाणार आहे. मार्गशीर्ष-पौषातल्या तारखांसाठी चढाओढ असेल आणि दरही चढे असतील. माघ-फाल्गुनातल्या तारखा कंपनीवाले कमी दराने देऊ पाहतील. त्या स्वस्त घ्याव्यात की नाही, यावर त्याच्या मंडळाच्या दोन बैठका झाल्या आहेत. दुसरीला काही बाया येऊन बसल्या होत्या, आणि मिरचीची गाडी कधी निघणार हे त्यांनाच विचारावे लागले.