आडव्या वाऱ्याशी झुंज

विमान शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरवावे, हा उड्डाणशास्त्राचा प्राथमिक नियम. समोरचा वारा विमानाचा जमिनीवरील वेग घटवतो आणि ते कमी अंतरात थांबते. धावपट्टीची दिशा मात्र कायमची ठरलेली असते, वाऱ्याची नसते. तो बाजूने वाहू लागला, की वैमानिकाची, विशेषतः लहान विमानाच्या वैमानिकाची, खरी कसोटी सुरू होते.

वाऱ्याचा आडवा जोर कोनावर अवलंबून असतो. २० नॉट वेगाचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर आडवा जोर १० नॉट भरतो; कोन ६० अंश झाला, की तो १७ नॉटच्या पुढे जातो. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'सेसना १७२' विमानाबाबत चाचणीत सिद्ध झालेला आकडा आहे १५ नॉट. नवशिक्याने त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबणे शहाणपणाचे.

अशा वेळी उतरण्याच्या पद्धती दोन. पहिलीत विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून तिरपे येतात आणि चाके टेकण्यापूर्वी ते सरळ करतात. दुसरीत वाऱ्याकडील पंख किंचित झुकवून, सुकाणू विरुद्ध दिशेला दाबून विमान सरळ रेषेत ठेवतात. वाऱ्याकडील चाक आधी टेकते. विमान तिरपे असतानाच टेकले, तर चाकांच्या सांगाड्यावर बाजूने ताण येतो. फार आधी सरळ केले, तर ते धावपट्टीबाहेर वाहवत जाते.

चाके टेकली म्हणजे संकट टळले, ही समजूत घातक ठरते. नियंत्रणे सैल सोडताच वाऱ्याकडील पंख उचलला जातो आणि दुसऱ्याचे टोक जमिनीला घासू शकते. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे किंचित वळणही वाढत जाऊन विमान स्वतःभोवती गिरकी घेते.

मोठी विमानेही याला अपवाद नाहीत. १ मार्च २००८ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे 'एम्मा' वादळात लुफ्तान्साच्या एअरबस ए-३२० विमानाच्या डाव्या पंखाचे टोक उतरताना धावपट्टीला घासले. वैमानिकांनी विमान पुन्हा आकाशात नेले आणि वाऱ्याला अधिक अनुकूल अशा दुसऱ्या धावपट्टीवर उतरवले. विमानातील १३७ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

विमानतळ आखताना त्या ठिकाणच्या वाऱ्यांचा अभ्यास करतात, तो यासाठीच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार १२०० मीटरपेक्षा लहान धावपट्टीसाठी आडव्या वाऱ्याचा हिशेब १० नॉट धरला जातो. अखेरचा निर्णय मात्र वैमानिकाचाच. विमान रेषेवर येत नसेल, तर हट्टाने न टेकवता पुन्हा वर नेणे किंवा दुसरा विमानतळ गाठणे, यात कमीपणा नाही. तीच या विद्येतील परिपक्वता होय.