तेरेखोलचे अक्षांश

तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या उत्तर टोकास नदीच्या मुखावर उभा आहे. वाडीच्या सावंत-भोसल्यांनी तो सतराव्या शतकात बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकून घेतला. त्याचे अक्षांश उत्तर १५ अंश ४३ कला. किनारा दिसेनासा झाला की बंदर गाठावयाचे ते असल्या आकड्याच्याच आधाराने.

अरबी समुद्रावरचे जुने नाखवे हा आकडा दोरीच्या गाठीत जपून ठेवीत. ‘कमाल’ म्हणजे एक लाकडी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली दोरी. गाठ दातांत धरावयाची, दोरी ताणून फळीची खालची कड क्षितिजावर टेकवावयाची. वरच्या कडेला ध्रुव लागला की त्या गाठीचे बंदर सरळ पूर्वेस वा पश्चिमेस आले. १४९८ साली वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला आणणाऱ्या वाटाड्यापाशी असे फळ्यांचे साधन होते, असे पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो.

इंग्लंडात हॅडलेने १७३१ साली आरशांचे अष्टमांश यंत्र पुढे आणले. त्याचा कंस वाढवून १७५७ च्या सुमारास सेक्स्टंट झाला. आरसा फिरवीत सूर्यबिंब खाली आणावयाचे आणि त्याची कड क्षितिजाला अलगद टेकवावयाची. एका कलेची चूक म्हणजे एक सागरी मैल; डोलत्या गलबतावर नवशिक्याच्या अशा चुका पंधरा-वीस सहज होतात.

त्याचा पहिला धडा माध्यान्हीचा. सूर्य चढावयाचा थांबला की उन्नतांश वाचावयाचे, ते नव्वदांतून वजा करावयाचे आणि त्यात नाविक पंचांगातली सूर्याची क्रांती मिळवावयाची. (पंचांग उघडणाऱ्या घरात हा शब्द तरी परका नाही.) पण हा हिशेब सूर्य दक्षिणेस असेल तेव्हाचा. तेरेखोलला मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो. २१ जूनला तो ८२ अंश १७ कला चढतो, नव्वदांतून उरतात ७ अंश ४३ कला. क्रांती २३ अंश २६ कला. तीतून ही बाकी वजा केली की तेरेखोल सापडते. सवयीने मिळविली, तर उत्तर येते ३१ अंश ९ कला, म्हणजे गलबत पंजाबच्या शेतात!

रेखांशासाठी अचूक घड्याळही हवे. चार सेकंदांची चूक एक कला खाते.

ही विद्या अजून कामाची आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उपग्रहावरून मार्ग काढण्यास मनाई होती. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेवर अभिलाष टॉमी सेक्स्टंट घेऊनच निघाले. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, ते जबर जखमी झाले. २०२२ साली दुसऱ्या नौकेवरून, त्याच नियमाने ते पुन्हा निघाले आणि २०२३ च्या एप्रिलात दुसरे आले.