हरवलेल्या उतारूंचा हिशेब

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला अगदी खेटून असलेले गाव. आज त्याचे नाव निघते ते विमानतळामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे. पण दोन पिढ्यांमागे इथल्या माणसाला मुंबई गाठायची तर घाटाच्या वाटेपेक्षा दर्याची वाट जवळची वाटे. वळकटी, आंब्याची किंवा फणसाची भेट आणि डोळे पुसणारी माणसे असा लवाजमा बंदरावर जाई. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही. उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत आणि लाटेचा अंदाज घेऊन वर चढवीत. पावसाळ्यात हा सारा व्यवहार बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की पुन्हा भोंगा ऐकू येई.

या प्रवासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बोट लागणे, डेकवरच्या जागेसाठी होणारी भांडणे, मुंबईचा धक्का दिसताच होणारी लगबग, हे सारे वाचकांना पाठ असेल. मला आज निराळाच प्रश्न घ्यायचा आहे. जो माणूस बोटीवर चढला आणि उतरला नाही, त्याचा जाब कोणाला विचारायचा? दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण कोकणातल्या कित्येक घरांत दिवाळीची पणती लावताना परत न आलेल्या एखाद्याची आठवण निघतेच, म्हणून तो इथे अगदीच परका नाही.

पश्चिम किनाऱ्यावरची सर्वांत गूढ हकीकत 'वैतरणा' बोटीची. शेफर्ड कंपनीची ही आगबोट अवघ्या तीन वर्षांची होती. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून काठेवाडचे लोक तिला कौतुकाने 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. तिच्यात लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेली मुले होती. द्वारकेहून ती पुढे गेली. हवा बिघडली होती, त्यामुळे पोरबंदरास ती थांबली नाही. मग वादळाने तिला जे गिळले ते गिळलेच. शोधासाठी बोटी पाठवल्या गेल्या, पण ना प्रेत सापडले, ना फळी.

किती माणसे गेली? कागदोपत्री आकडा साडेसातशेच्या आसपास आहे, लोककथेत तो तेराशेवर जातो. ही तफावत केवळ लोकांच्या अतिशयोक्तीची नव्हे. ज्या काळी वऱ्हाडाबरोबरची लहान मुले, शेवटच्या क्षणी चढलेला पाहुणा, सोबतीला घेतलेला गडी यांची नावे कोणी लिहून घेत नव्हते, त्या काळी खरा आकडा फक्त त्या त्या घरालाच ठाऊक असे.

मुंबई सरकारने चौकशी केली. बोटीवर बचावाच्या होड्या आणि तरंगण्याची साधने अपुरी होती, मोठ्या वादळाला तोंड देण्याजोगी तिची तयारी नव्हती, असे त्यात निघाले. चौकशी झाली म्हणजे न्याय झाला, अशी आपली भाबडी समजूत असते. आगबोटीच्या अपघाताची चौकशी अपघात का झाला ते शोधते. कप्तान किंवा अधिकारी दोषी ठरला तर त्याचे प्रमाणपत्र काढून घेता येते. नुकसानभरपाई मिळवायची तर वारसाने निराळा दावा लावायचा. त्यासाठी १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता, पण दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू आला हे सिद्ध करण्याचा भार दावा लावणाऱ्यावर. कच्छच्या वाळवंटाकाठची विधवा मुंबईच्या न्यायालयात हे सिद्ध करणार कसे? बुडालेली बोट तळाशी आणि साक्षीदारही तळाशी! गुजराती लोकगीतात नाव उरले आहे ते कप्तान हाजी कासम याचे. कंपनीचे नाव कोणी गात नाही.

आणि मुळात मेला हे तरी कोण ठरवणार? आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. परागंदा झालेल्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या ३६० पानांची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करावा, असा पालाशविधी सांगितला आहे. तोवर त्याच्या बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे? प्रत्येक घराने याचे उत्तर आपापल्या परीने दिले, आणि ते बहुधा त्या बाईला न विचारताच दिले. इंग्रजी अमलातल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने ही मुदत सात वर्षांची केली. ज्यांना स्वाभाविकपणे बातमी कळायला हवी, त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असा तो नियम. २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण सात वर्षे तशीच राहिली.

आता 'रामदास'कडे येऊ. ही हकीकत आपल्या अधिक जवळची. कोकणातल्या लोकांनी ज्या स्वदेशी कंपनीचे कौतुक केले, तिच्या बोटींना संतांची नावे होती. त्यांपैकी 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. 'रामदास' पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेली. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते आणि गटारीसाठी माणसे घरी निघाली होती. दूरच्या कोकणबोटी पावसाळ्यात बंद असल्या तरी रेवसची फेरी चालू असे. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' सुटली. काश्याच्या खडकाजवळ वारा-पावसाने आणि लाटांनी ती एका अंगावर कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूस धावले, आणि थोड्याच वेळात ती उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी दोन-अडीचशे वाचली, त्यांतली पुष्कळशी रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेली. त्या कोळ्यांना कोणत्याही कायद्याने बांधले नव्हते.

बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबई तिथून नऊ-दहा मैलांवर, तरी बातमी धक्क्यावर पोचायला दुपार उलटून गेली. त्या अवधीत कितीजण तरंगत होते? या प्रश्नाकडे मला बुडण्याच्या कारणापेक्षाही गंभीरपणे पाहावेसे वाटते. वादळ ईश्वराचे म्हणून सोडून देता येते. यंत्र न बसवण्याचा निर्णय मात्र कुणातरी माणसाने कचेरीत बसून घेतलेला असतो.

भरपाईची बाजू तर आणखी चमत्कारिक आहे. १८९४ च्या इंग्रजी नौकानयन कायद्यात मालकाला एक मोठी सवलत होती. अपघातात त्याचा स्वतःचा दोष नसेल, तर जीवितहानीबद्दलची त्याची जबाबदारी बोटीच्या दर टनामागे १५ पौंडांपलीकडे जाऊ नये. म्हणजे भरपाई माणसे किती बुडाली यावर नव्हे, तर बोट केवढी यावर! 'रामदास' सुमारे चारशे टनांची. तो हिशेब तिला लावून पाहिला तर सारी मर्यादा सहा हजार पौंडांची, म्हणजे माणशी दहा पौंडही धड येत नाहीत. असे नियम करण्यात अमेरिकाही मागे नव्हती. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यावर तिच्या मालकांनी तिथल्या न्यायालयात मांडले की आमची जबाबदारी आता उरलेल्या वस्तूंच्या किमतीइतकी. उरले होते काय? बचावाच्या होड्या! त्यांची किंमत आणि मिळालेले भाडे मिळून लाख डॉलरही होत नव्हते. अखेर १९१६ मध्ये ६ लाख ६४ हजार डॉलरांवर तडजोड झाली.

इथवर बोटच बुडाल्याची गोष्ट झाली. बोट बुडाली हे ठाऊक असले म्हणजे न्यायालयाला सात वर्षे थांबण्याची गरज सहसा पडत नाही. संकटाच्या पुराव्यावरून मृत्यू मानता येतो. पण बोट सुखरूप बंदराला लागली आणि एकच माणूस कमी आला तर? आजच्या आलिशान पर्यटन-नौकांवर हा प्रकार घडतो. रात्री जेवताना पाहिलेला माणूस सकाळी खोलीत नसतो. तो पडला, त्याने उडी घेतली की त्याला कोणी ढकलले? बोटीवर पोलीस नाही. पहारेकरी कंपनीचे नोकर, चित्रणाच्या फिती कंपनीच्या ताब्यात, आणि खोली दुसऱ्या दिवशी नव्या उतारूसाठी धुऊन काढलेली. त्यातून बोट अमेरिकन माणसांनी भरलेली, कंपनी मायामीची, पण शिडावरचा झेंडा बहामाचा किंवा पनामाचा. खुल्या समुद्रावर बोट ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाचा अंमल तिच्यावर चालतो. मग तपासाचा अधिकारी हजारो मैलांवरच्या एखाद्या बेटावरून येणार.

अशी कित्येक कुटुंबे अमेरिकेच्या संसदेपुढे उभी राहिली, तेव्हा कुठे २०१० साली तिथे नवा कायदा झाला. कठडा किमान साडेतीन फूट उंच हवा, अमेरिकन नागरिक बेपत्ता झाला तर मध्यवर्ती तपास खात्याला ताबडतोब कळवावे, माणूस समुद्रात पडल्याचे टिपणारी यंत्रे बसवावीत. या शेवटच्या अटीला मात्र 'असे तंत्र उपलब्ध असेल तितपत' अशी पुस्ती जोडलेली. पळवाट ठेवण्याची कला साऱ्या जगात सारखीच! शिवाय खुल्या समुद्रातील मृत्यूंसंबंधीचा त्यांचा १९२० चा कायदा केवळ आर्थिक नुकसान मोजतो. ज्याच्या कमाईवर कोणी अवलंबून नव्हते, अशा म्हाताऱ्याच्या किंवा मुलाच्या जिवाची किंमत त्या हिशेबात जवळजवळ शून्य येते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ साली आयुर्विमा महामंडळाचा एक खटला आला होता. त्यातला मुद्दा बेपत्ता माणसाच्या प्रत्येक घराने जाणून घ्यावा असा आहे. सात वर्षांनी माणूस मेला असे कायदा मानतो, पण केव्हा मेला ते मानत नाही. ज्या दिवशी तो नाहीसा झाला त्याच दिवशी गेला, असे म्हणायचे असेल तर ते म्हणणाऱ्याने सिद्ध करावे. म्हणून घरच्यांनी मधल्या वर्षांत विम्याचे हप्ते भरले नाहीत, तर पॉलिसी बंद पडून पुढे हाती काहीच न येण्याचा धोका. तो कधीही परतेल अशी आशा धरायची, आणि त्याच्या मरणाचा हप्ताही भरत राहायचे!

२०१८ पासून मुंबईहून गोव्याला पुन्हा पर्यटन-नौका निघाल्या. आपल्याच किनाऱ्यासमोरून दिवे लावून त्या जातात. अशा बोटींवर चढताना ओळखपत्र पाहतात, नाव टिपतात, छायाचित्र घेतात. त्यामुळे कोण उतरला नाही हे निदान कळू शकते. छोट्या लाँचींचे तसे नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या लाँचीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मेली. नौदलाची बोट इंजिनाच्या चाचणीसाठी निघाली होती. तिच्या चालकावर गुन्हा नोंदवला गेला. बेपत्ता झालेल्यांचा शोध पुढे काही दिवस चालू राहिला. लाँचीचा परवाना होता ८४ उतारू आणि ६ खलाशी यांचा. त्या दुपारी तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती.