देशमुख, गणपतराव : सांगोला मतदारसंघाचे प्रतिनिधित्व

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले आमदार. 1962 मध्ये ते प्रथम विधानसभेत गेले. 1972 मध्ये पराभूत झाले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. 1995 चा अपवाद वगळता 2014 पर्यंतची प्रत्येक निवडणूक त्यांनी जिंकली. हा देशातला उच्चांक असल्याचे सर्रास छापले जाते, ते खरे नाही, केरळात के. एम. माणी पालातून तेरा, तर ओमन चंडी पुदुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. देशमुखांचे वेगळेपण आकड्यात शोधण्याचे कारण नाही. 1978 आणि 1999 नंतरची अल्पकाळची मंत्रिपदे सोडली, तर त्यांची कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. आमदार सत्तेत नसेल तर तालुक्याच्या पदरात काही पडत नाही, हा महाराष्ट्रातला रूढ समज. सांगोल्याचा इतिहास त्याला सहजासहजी दुजोरा देत नाही.

सांगोला हा माणदेशाचा, पर्जन्यछायेतला तालुका. इथला मूळ प्रश्न पाण्याचा, आणि तो आमदार निधीतून सुटणारा नव्हता: आजच्या वार्षिक पाच कोटींतूनही सभामंडप आणि रस्ते होतात, कृष्णेचे पाणी उपसून माणदेशात येत नाही. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या योजनांचा निर्णय मंत्रिमंडळ आणि पाटबंधारे खात्याच्या पातळीवर होतो. तिथे एका आमदाराचे वजन ते किती! म्हणूनच सभागृहातल्या पाठपुराव्याला बाहेरच्या चळवळीची जोड लागली. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरणाऱ्या पाणी परिषदेत देशमुख होते. तिथे तेरा दुष्काळी तालुक्यांनी एकत्र मागणी मांडली. एका तालुक्याचे गाऱ्हाणे असे प्रादेशिक समन्यायाचा प्रश्न बनले, आणि तसा प्रश्न सरकारला बाजूला सारता येत नाही. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, हेही मंत्रालयाच्या मेहेरबानीवर न विसंबणाऱ्या राजकारणाचेच फळ.

यावर आक्षेप असा, की पाणी यायला दशके गेली. सत्तेतला आमदार असता तर ते लवकर आले असते. पाण्याच्या विलंबापुरता तो मान्य करावा लागतो. मात्र उपसा योजना रखडल्या त्या निधीअभावी, आणि सत्ताधारी आमदारांचे दुष्काळी तालुकेही त्याच रांगेत ताटकळले. दुसरा आक्षेप, हे यश साधेपणाच्या, एसटीने फिरणाऱ्या आमदाराच्या प्रतिमेचे होते. प्रतिमेचा वाटा नाकारता येणार नाही. पण 1995 मध्येही माणूस तोच, साधेपणा तोच, तरीही शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी हरवले. सांगोल्याचा मतदार भक्त नव्हता, हिशेब मागणारा होता. 2019 मध्ये देशमुख निवडणुकीतून बाजूला झाले, आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी देशमुखांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा शेकापकडे परत आणली.